मास्तर उभे राहिले

ताईचा एक नियम होता, आणि त्या नियमानंच तिचा घात केला. आपल्या हाताखालचं आजारी माणूस घराबाहेर पडताना आजारी दिसता कामा नये, एवढाच तो नियम. आत काय वाटेल ते होऊ दे, रात्रभर खोकू दे, चादर दोनदा बदलावी लागू दे. पण उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की दाढी घोटलेली, भांग पाडलेला आणि सदरा इस्त्रीचा! "चार लोकांत माझं माणूस बापुडवाणं दिसलं, तर मी काम काय केलं मग?" असं ती म्हणायची. आता यात कुणाचं काय चुकलं, सांगा बरं!

ताई कामाला होती त्या देशातली मूळची नव्हे. पोटासाठी देश सोडून आलेली. तिची लेक मायदेशी मावशीकडे राहून शिकत होती, आणि तिच्या शिक्षणाचा सगळा भार ताईच्या या नोकरीवर. नोकरी म्हणजे मास्तर.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. उभा जन्म लोकांचे कपडे बेतण्यात गेला. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा म्हातारा म्हणजे नुसतं गाठोडं होता. त्यांची लेक दिवसभर कामावर, म्हणून तिनं ताईला ठेवलं. ताईनं त्यांना आधी बसवलं, मग भिंतीला धरून उभं केलं. मास्तर कंटाळले की ती मुद्दाम खिडकीशी जाऊन म्हणायची, "हा पडदा कुणी शिवला हो? शिलाई वाकडी दिसतेय." झालं! मास्तर चवताळून उठायचे आणि भिंतीला धरधरून खिडकीपर्यंत यायचे. "वाकडी? डोळे तपासून घे आधी!" अशी भांडत भांडत दोघं पलंगापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारातून जिन्यापर्यंत पोचली.

आता त्या देशाचा कायदा ऐका. ताईचा कामाचा परवाना मास्तरांच्या आजारपणाला बांधलेला. मुदत संपली की नवा अर्ज करायचा, आणि मास्तरांना कचेरीत नेऊन दाखवायचं की बघा, यांना खरोखरच सांभाळायला माणूस लागतं. साहेबांना पटलं तर परवाना. नाही पटलं तर ताईनं गाशा गुंडाळायचा.

त्या दिवशी सकाळी ताईनं मास्तरांची दाढी अशी घोटली, की गालावर माशी बसली असती तर घसरली असती. मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट कपाटातून बाहेर निघाला. सदऱ्याचं वरचं बटण मास्तरांनी डाव्या हातानं आपलं आपण लावलं. ताईनं तेही त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. मास्तरांची लेक म्हणाली, "ताई, चाकांची खुर्ची घेऊ का बरोबर?"

"खुर्चीत कोटाची पाठ चुरगळते," मास्तर म्हणाले. ताई हसली आणि तिनं त्यांच्या हातात काठी दिली.

कचेरीत लांबलचक बाकं होती आणि काचेच्या खिडक्या होत्या. बाकांवर देशोदेशीची माणसं मांडीवर कागदांच्या पिशव्या घेऊन बसलेली. नंबर पुकारला तसे मास्तर उभे राहिले आणि निघाले. ताई मागे एका हाताच्या अंतरावर. दोन्ही तळवे उघडे, मास्तर जरा कुठे झुकले की धरायला तयार. पण अंगाला हात नाही. हेच तर तिचं काम होतं! साहेबांना तेवढं सोडून बाकी सगळं दिसलं.

"वा आजोबा! चालत आलात?"

"मग काय उडत येऊ?" मास्तर म्हणाले.

साहेब खदखदून हसले. ताईला कोण अभिमान वाटला! न विचारता ती बोलून बसली, "आता तर जिन्याच्या पायऱ्यासुद्धा चढतात, साहेब." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठवडाभरात कागद आला. सदर व्यक्तीस मदतनिसाची आवश्यकता दिसून येत नाही, सबब परवाना नाकारण्यात येत आहे.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, ते उभे आहेत ते कुणामुळे? तंबूच्या दोऱ्या कापायच्या आणि म्हणायचं, तंबू तर उभाच होता की! मी कामचुकार असते, यांना अंथरुणात कुजवलं असतं, तर मला परवाना दिला असता या लोकांनी. नीट काम केलं ते चुकलं माझं!" शब्द न् शब्द खरा होता. पण खरं ऐकायला त्या कचेरीत खिडकी नव्हती.

फेरतपासणीची एक संधी होती, ती शेवटची. शेजारच्या घरी एका म्हातारीला सांभाळणारी बाई होती, असल्या कामावरच्या सगळ्या बाया तिला थोरली म्हणत. तिनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"वेडी का खुळी तू? दाढी करून नेतात का कधी? तपासणीच्या आधी मी माझ्या आजीला आंघोळसुद्धा घालत नाही. वास आला की साहेब लवकर सही करतात."

"शी! माझ्याच्यानं नाही होणार."

"मग बस लेकीकडे जाऊन, दोघी मिळून हवा खा."

मास्तरांची लेकही काकुळतीला आली. "एका दिवसाचं नाटक गं ताई. तू गेलीस तर बाबा परत पलंगाला खिळतील." ताई काही केल्या ऐकेना. माणसाला माणसात आणायला जीव पाखडला, आता त्याचं परत गाठोडं करून काउंटरवर ठेवू?

तेवढ्यात आतून मास्तरांचा आवाज आला. "ताई, उद्यापासून माझी दाढी करू नकोस."

पुढच्या खेपेला मास्तर चाकांच्या खुर्चीतून गेले. गालांवर पांढरे खुंट, केस पिंजारलेले, अंगात चुरगळलेला सदरा, गळ्याशी उघडा. साहेब तेच होते. त्यांनी मास्तरांना खालवर न्याहाळलं.

"आजोबा, ते वरचं बटण लावून दाखवा बरं."

ज्या माणसानं जन्मभर गावाला बटणं लावली, त्याला हे विचारलं! मास्तरांनी डावा हात गळ्याशी नेला. बोटांनी बटण धरलं, काजाशी नेलं, आणि सोडून दिलं. हात मांडीवर पडला. ते फरशीकडे बघत म्हणाले, "नाही येत, साहेब."

"हां, आता कसं!" साहेब खूश झाले. "पहिल्यांदाच असे आला असतात तर तुमचाही हेलपाटा वाचला असता." आणि त्यांनी शिक्का मारला. परवाना वर्षाचा. पुढच्या वर्षी परत तपासणी.

खिडकीपासून दूर आल्याबरोबर ताईनं खुर्ची थांबवली. फरशीवर गुडघे टेकून तिनं मास्तरांचं बटण लावलं, पिशवीतून कंगवा काढून भांग पाडला. कुणाचं तरी थोबाड फोडावं असं तिला वाटत होतं, आणि फोडायला थोबाड सापडत नव्हतं.

"मिळाला ना परवाना?" मास्तरांनी विचारलं.

"मिळाला."

"मग झालं तर. आण ती काठी." त्यांनी डाव्या हातानं खुर्चीची दांडी पकडली, पाय सरळ टेकवले आणि अंग वर उचललं. जराशा आधारानं ते उभे राहिलेच असते.

ताईनं मागे वळून पाहिलं. काचेपलीकडून साहेब मान वर करून इकडेच बघत होते. तिनं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा, मास्तर."

"अगं, पण आता तर—"

"बसा म्हणते ना!"

भिंतीला धरून ज्या हातांनी त्यांना उभं केलं होतं, त्याच हातांनी तिनं त्यांना खाली दाबलं. मास्तर निमूटपणे बसले.