चौघांत एक कॅमेरा

किस्से म्हणजे गाडीच्या सीटखालचा पसारा. कुणी मुद्दाम टाकत नाही. केसांची एखादी पिन, शेंगांची टरफलं, कुणाच्या तरी पेनाचं टोपण. मग एक दिवस गाडी झाडायला काढली की वाटतं, अरे देवा, एवढं कधी साठलं? विश्रांतवाडीहून खराडीला जाणाऱ्या आमच्या ऑफिसच्या कॅबचं तसंच होतं. सकाळी अर्धवट झोपेत आत शिरायचं, काचेला डोकं टेकवायचं, आणि बाहेरचं पुणं स्वप्नातल्यासारखं सरकत जायचं. मधूनच कुणी काहीतरी बोलायचं. ते स्वप्नात ऐकलं की खरंच, हे ऑफिस आल्यावर कळायचं.

आम्ही चौघं. जोग पन्नाशीच्या पुढचे. कारखाना बंद पडल्यावर आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत अ‍ॅडमिनला आलेले. पक्के पुणेकर, त्यामुळे बोलायचे कमी आणि बोलले की लागायचं. नसरीन आणि मी टेस्टिंगला, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात चुका शोधायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. नसरीनच्या घरची कॅम्पात जुनी बेकरी, त्यामुळे डब्यात रोज नानकटाई. चौथा देशमुख, यवतमाळकडचा, प्रोग्रॅमर. आणि पुढे गाडी चालवायला मांजरी गावचे सोपानराव.

कॅमेऱ्याचं खूळ देशमुखचं.

* * *

झालं होतं असं, की देशमुखच्या वडिलांनी त्याच्यासाठी गावातल्या शाळेत शब्द टाकून ठेवला होता. मास्तरकी, घराजवळ, सगळं छान. आणि हा पठ्ठ्या पुण्याला निघून आला. तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. घरी फोन केला की पहिल्या रिंगला बाबाच उचलायचे, आणि म्हणायचे, "थांब, मायले देतो." बस. दुसरं अक्षर नाही.

एकदाच त्यांनी आईकरवी विचारलं होतं, "विचार त्याले, तिथं काय हाये असं?"

"आता काय सांगू?" देशमुख आम्हाला म्हणाला. "मला तोंडानं नाही सांगता येत. मी दाखवतो त्यांना. रोजचंच. ही गाडी, आपला चहा, माझी खुर्ची. दिवाळीला फोटो घेऊन जातो."

मोबाइल तेव्हा फक्त बोलायला होता. एकट्याला चांगला डिजिटल कॅमेरा परवडेना आणि परवडेल तो चांगला वाटेना. विमानतळाच्या रस्त्यावर गाडी सिग्नलला थांबली होती. जोगांनी डोळे न उघडता तोडगा काढला. "गणपती बसवतात तसा बसवू. चौघांची वर्गणी, चौघांचा कॅमेरा. प्रत्येकाला आठवडा आठवडा."

आम्हाला वाटलं, झोपेत बोलतायत.

* * *

शनिवारी चौघं दुकानात गेलो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "कशाचे फोटो काढणार? लग्नाचे, ट्रिपचे?"

"रोजचे," देशमुख म्हणाला.

"रोजचं रोज दिसतंच की. त्याला कॅमेरा कशाला?"

आता खरी गंमत पुढे. नसरीन आणि मी पडलो टेस्टर. कॅमेरा हातात आल्यावर आमच्या अंगात आलं. दिवा बंद करून फोटो, दिवा लावून फोटो, सरळ धरून, उलटा धरून, बटण अर्धं दाबून, बटण सोडून. हललेला माणूस कसा येतो हे बघायला आम्हाला कुणीतरी हलणारं हवं होतं. दुकानदार इकडून तिकडे जात होता, तोच सापडला. पंधरा-वीस फोटोंनंतर तो थांबला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही कॅमेरा बघायला आलाय की मला?"

मेगापिक्सेलवरून वाद झाला. झूमवरून झाला. नसरीनला लांबचं जवळ आणणारा हवा होता. जोग म्हणाले, "जवळचं बघायचं असेल तर दोन पावलं चालत जावं."

शेवटी निवड जोगांनीच केली. सगळ्यात जाडा, सगळ्यात साधा, काळा. कारण एकच. त्याला साधे पेन्सिल सेल लागत होते. "ज्याचे सेल पानवाल्याकडे मिळतात ती वस्तू घ्यावी," जोग म्हणाले. "बाकीचे कॅमेरे दिसायला सुंदर आहेत. सुंदर वस्तू ऐनवेळी चार्ज नसतात."

तोच घेतला.

* * *

नियमही जोगांचाच. सोमवारी सकाळी कॅबमध्ये कॅमेरा पुढच्याच्या हातात द्यायचा, आणि रिकामा द्यायचा. आपले फोटो आपण कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे नाहीतर पुसायचे. शेजाऱ्याचं भांडं घासूनच परत द्यावं, उष्टं देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. वयाने मोठे म्हणून पहिला आठवडा त्यांचा. देशमुखने शेवटचा मागून घेतला, म्हणजे त्याचा आठवडा संपतो तिथे त्याची दिवाळीची रजा सुरू.

पुढच्या सोमवारी जोगांनी कॅमेरा नसरीनला दिला. पार रिकामा.

"एकही नाही काढला?" मी विचारलं.

"काढले की."

"मग उतरवून घेतले?"

"बघितले आणि पुसले. जेवून झाल्यावर ताट कोणी जपून ठेवतं का, वंदनाताई?"

आणि परत काचेला डोकं टेकवून झोपले. मला बाई वाईटच वाटलं. एवढं काय काय बघितलं असेल या माणसाने आठवडाभर, आणि सगळं पुसून टाकलं.

* * *

नसरीनचा आठवडा म्हणजे वेगळीच धमाल. तिचे अब्बा आणि धाकटे चाचा बेकरीच्या भट्टीवरून कधीतरी भांडले होते, आणि तेव्हापासून एकाच घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. चहा हवा असला तरी मध्ये नसरीन. रविवारी तिने सगळ्यांना गच्चीवर उभं केलं. दोघे दोन टोकांना.

फोटो निघाला, लगेच मागच्या पडद्यावर दिसला. अब्बा म्हणाले, "हे काय, मी म्हातारा आलोय. परत काढ." परत काढला. चाचांचे डोळे मिटलेले. परत. मग अब्बांची टोपी वाकडी. डिजिटलमध्ये रीळ संपत नाही हो, आणि घरात कुणालाच आपला चेहरा पसंत पडेना. प्रत्येक वेळी नसरीन "थोडं आत या" म्हणायची. ऊन उतरेपर्यंत दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे.

शेवटी चाचा वैतागून अब्बांना म्हणाले, "भाईजान, आपली तोंडंच अशी आहेत. चला जेवायला."

सोमवारी नसरीनने हे गाडीत सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो, सोपानराव तर स्टिअरिंगवर हात मारून हसले. देशमुख तेवढा हसला नाही. मग नसरीनला हळूच म्हणाला, "म्हणजे नुसतं शेजारी उभं राहिलं तरी जमते म्हणा."

नसरीनने त्याला दोन नानकटाया दिल्या.

* * *

माझ्या आठवड्याचं काय सांगू. मी काही काढलंच नाही धड. सकाळी स्वयंपाकघरात दूध तापत असायचं, खिडकीतून ऊन यायचं, आणि दुधावरची वाफ त्या उन्हात अशी काही वळायची, की कॅमेरा हातात असून मी नुसती बघत राहायची. दूध दोनदा उतू गेलं. सासूबाई म्हणाल्या, "त्या डबड्यातून बघ नाहीतर डोळ्यांनी बघ, पण गॅस बंद कर."

कॅमेरा देशमुखला द्यायची वेळ आली तेव्हा त्यात गॅसच्या ओट्याचा एक फोटो होता. तोही उतू गेल्यानंतरचा. नियम म्हणजे नियम, पुसला.

* * *

देशमुखला हवं होतं रोजचं, आणि रोजचं काही त्याला मिळेना.

त्याने सोपानरावांना सांगितलं, उद्या गाडीचा फोटो काढायचाय. दुसऱ्या दिवशी गाडी आली ती पाऊण तास उशिरा, चकचकीत धुतलेली, आरशाला झेंडूचा हार, आणि सोपानराव इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. "घरच्या मान्सांनी बघायचं हाय म्हनला न्हवं?" ते म्हणाले. कॅन्टीनवाल्याने चहा काचेच्या ग्लासऐवजी कपबशीत दिला आणि बशीत बिस्कीट ठेवलं. ऑफिसात त्याच्या शेजाऱ्याने देशमुखचं टेबल आवरून ठेवलं. बिचारा देशमुख टेबल परत पसरत बसला.

मग त्याने कुणाला न सांगता काढायला सुरुवात केली. खराडीत आमच्या काचेच्या बिल्डिंगमागे नदी होती, आणि नदीपलीकडे मांजरीचा ऊस. दिवाळीच्या आधीचं धुकं सकाळी त्या उसावर उतरलेलं असायचं आणि काचेतून ऊस, नदी, आपला चेहरा असं सगळं एकमेकांत मिसळून दिसायचं. देशमुख चहाचा ग्लास घेऊन तिथे उभा राहायचा. एकदा मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्या धुक्यात आपण नोकरीला आलोय हेच विसरायला व्हायचं.

"हे बाबांना आवडेल," तो म्हणाला. "त्यांना ऊस कळते."

* * *

रजेच्या आदल्या संध्याकाळी घरी जाताना विश्रांतवाडीतल्या फोटो लॅबपाशी गाडी थांबवली. देशमुखची गावाकडची बस थोड्या वेळाने होती. लॅबवाल्याने पाकीट दिलं, देशमुखने उघडलं, आणि त्याचा चेहरा उतरला. आत सोपानराव होते, कॅन्टीनवाला होता. बाकी काही नाही. खुर्ची नाही, ग्लास नाही, धुकं नाही.

लॅबवाला उलट खुशीत. "दादा, चुकून दाबले गेलेले तुमचे बरेच होते. माणूसच नव्हता त्यांत. मी नाही छापले, तुमचा खर्च वाचवला."

देशमुखने घड्याळ बघितलं. बसची वेळ होत आलेली. मी काही बोलणार एवढ्यात जोग गाडीतून उतरले. घरी जायच्या वेळी हा माणूस गाडीतून उतरला, हेच मला नवल.

"तुमची ही खुर्ची," ते लॅबवाल्याला म्हणाले, "तुम्ही उठून चहाला जाता तेव्हा फेकून देता का?"

"नाही काका."

"का बरं?"

"परत येऊन बसायचं असतं ना."

"मग छापा."

सगळे छापून होईपर्यंत जोग त्याच खुर्चीत बसून राहिले. देशमुखला बस मिळाली. सोपानरावांनी गाडी कशी हाकली ते मी इथे सांगत नाही.

* * *

दिवाळीनंतरचा सोमवार. जोगांचा आठवडा. गाडीत डब्यांतल्या चिवड्याचा वास, सगळे सुस्त. आमच्यातलं कुणीच विचारायचं धाडस करेना. शेवटी नसरीनने विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

"काही नाही," देशमुख म्हणाला. "चष्मा लावून सगळे पाहिले. उसाचा दोनदा पाहिला. ठेवून दिले."

"बस?"

"दुसऱ्या दिवशी कॅमेरा टेबलावर होता. तो हातात घेऊन एवढंच विचारलं, 'हे कुठून दाबा लागते?' मी दाखवलं. मग मी तर मित्रांकडेच होतो जास्त. बोलणं काही झालं नाही."

जोगांनी हात पुढे केला, म्हणून देशमुखने कॅमेरा दिला. "बसमध्ये झोपूनच गेलो, रिकामा करायचा राहिला," तो म्हणाला. "आत्ता करून देतो."

"बघू तरी," म्हणून जोगांनी बटण दाबलं.

पहिल्या फोटोत रस्ता होता. ओट्यावरून दिसणारा गावाकडचा डांबरी रस्ता, कोपऱ्यात कुणाचं तरी जाड बोट आलेलं. पुढच्या फोटोत तोच रस्ता. दुपारचा. मग संध्याकाळचा, मग सकाळचा, धुक्यातला. कॅमेरा हातोहात फिरायला लागला. सगळीकडे तोच रस्ता, तोच ओटा, तेच बोट.

"हा कुठला रस्ता?" मी विचारलं.

"यवतमाळहून मी येतो ती एसटी आहे ना," देशमुख म्हणाला, "ती याच रस्त्यानं येते."

नसरीनने पुढचं बटण दाबलं. शेवटचा फोटो घरातला होता. कोनाड्यात फोन. त्याच्यावर विणलेला रुमाल. आणि फोनला अगदी चिकटून ओढून घेतलेली एक खुर्ची. बसून बसून तिची गादी मधोमध खोल गेलेली. खुर्चीवर कुणी नाही.

देशमुखने तो फोटो किती वेळ धरून ठेवला कोण जाणे. सोपानरावांनी सिग्नल सुटला तरी गाडी हलवली नाही आणि मागचे हॉर्न वाजवत राहिले. मग देशमुखने डोळे पुसले, बॅगेतून वायर काढली आणि म्हणाला, "ऑफिसात गेल्या गेल्या उतरवून घेतो, जोग सर. दहा मिनिटांत रिकामा करून देतो तुम्हाला."

जोगांनी कॅमेरा त्याच्या हातातून घेतला. आतले पेन्सिल सेल काढले आणि स्वतःच्या खिशात टाकले. कॅमेरा परत देशमुखच्या बॅगेत ठेवला आणि चेन लावली.

"हा भरला," ते म्हणाले. "शनिवारी दुसरा बघायला जाऊ."

आणि काचेला डोकं टेकवून त्यांनी डोळे मिटून घेतले.