इस्त्रीवालीचं मत

पूर्वी सरकारला शिव्या घालून घशाला कोरड पडायची, पण ऐकायला कुत्रं नसायचं. राजधानीत फाईल झोपलेली, आपण इथे जागे. मग नवा कायदा आला, वस्तीच्या सोयींचे निर्णय वस्तीच्याच समितीकडे आले आणि अध्यक्ष म्हणून निवडून आली आमच्या शेजारची इस्त्रीवाली. आता शर्ट टाकता टाकता सरकारला थेट सुनावता येतं. मी तर न चुरगळलेले शर्टही नेतो.

बाई पक्की. "बोला भाऊजी, मोकळे व्हा," म्हणते आणि इस्त्री फिरवत राहते.

पहिलाच प्रश्न बाजारातल्या भाजीवाल्यांचा. जवळपास शौचालय नाही, म्हणून त्या बायका दिवसभर पाणीच पीत नसत. शौचालय हवं यावर सगळ्यांचं एकमत. आपल्या भिंतीला नको, यावर तर त्याहून! गटाराची लाइन असलेली मोकळी जागा एकच निघाली, इस्त्रीवालीच्या धाकट्या भावाच्या बेकरीलगत.

भाऊ तणतणत आला. "ताई, उद्या माझा केक कोण खाईल? तू?"

"खाईन की. पण त्या बायकांनी कुठे जायचं, ते सांग."

सभेत मतं समसमान पडली. उरलं अध्यक्षांचं मत. राजधानीतला साहेब असता तर सही ठोकून मोकळा झाला असता. हिला त्याच बेकरीसमोरून घरी जायचं होतं. तरी तिने शौचालयासाठी हात वर केला. भाऊ खुर्ची ढकलून निघून गेला, तो बोलायचाच बंद झाला. बाईने त्या आठवड्यात माझा पांढरा शर्ट जाळला. मी चक्क त्याचेही पैसे दिले.

पाया खणायच्या आधी भाऊ पुन्हा सभेत उगवला.

"अध्यक्षबाई," तो म्हणाला. ताई नाही! "दार माझ्या दुकानाकडे कशाला? मागच्या गल्लीत काढा. बाजारालाही तेच जवळ पडेल."

"खरंय की!" भाजीवाल्या एकदम ओरडल्या. सगळे हात वर गेले. पूर्वी एवढं दार फिरवायला राजधानीत चपला झिजवण्यात त्याची हयात गेली असती.

"मंजूर," बाई म्हणाली. आवाज जरा ओलाच. "झालं समाधान?"

"अर्धं. उद्घाटनाचा केक माझ्याकडून घ्यायचा."

"घेईन. आधी ताई म्हण."

"सभेत नाही. सभा संपल्यावर म्हणेन."

अजून चार विषय बाकी होते, त्यांतला एक माझा. बाईने सभा तिथल्या तिथे संपवली.