रशीदमामांच्या डायरीतली जास्तीची नोंद

या फोरमवरचे किस्से मी जेवताना वाचतो, करमणूक म्हणून. गाडी बंद पडली, वळणावर बाई उभी, पाय उलटे... लिहिणाऱ्यांना नवीन काही जोडायचाही कंटाळा! भूतखेत मी तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरी लिहितोय. हसायचं तर हसा.

२००३ चा एप्रिल. शिरूरला एसटी डेपोच्या मागं माझा कंप्युटर क्लास होता. अख्ख्या तालुक्यात विंडोज फक्त मलाच कळतं, असा माझा समज. शेजारी रशीदमामांचं शेतीपंपांच्या मोटारी रिवायंडिंगचं दुकान. जळालेली मोटार उघडायची, आतल्या तारेचे टर्न म्हणजे वेढे स्वतः मोजायचे आणि मगच मालकाचं नाव, गाव, टर्न टिपून ठेवायचे, ही त्यांची पद्धत. आधी वहीत टिपायचे, नंतर जावयानं दुबईहून आणलेल्या डिजिटल डायरीत. चार ओळींच्या त्या खेळण्याचं त्यांना कोण कौतुक!

डायरीचा स्क्रीन पुसट व्हायला लागला, तेव्हा त्या नोंदी कंप्युटरवर घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुण्याहून केबल मागवली. दुपारी लाइट आल्यावर मामांना शेजारी घेऊन बसलो. डायरी सांगत होती, नोंदी दोनशे बारा. कंप्युटरच्या नोट्सच्या प्रोग्रॅममध्ये उतरल्या दोनशे तेरा.

जास्तीची अगदी शेवटी होती. ‘सोपान आप्पा, इनामगाव. पाच एचपी, नदीवरची. बॉडीला करंट. हात लावू नये.’ टर्नचा आकडाच नाही.

सोपान आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते.

“मामा, माझी फिरकी घेताय?”

मामा स्क्रीनला नाक लावून बघत होते. “न्हाई सर, ही मी टाकल्याली न्हाई. टर्न मोजल्याबिगर मी नोंद करीतच न्हाई. आन् आप्पांची मोटार माझ्याकडं आलीच कवा? नवीकोरी हाय, दौंडवरनं आणल्याली.”

“मग केबलमधून कचरा आला. येतो असा.”

“आसंल. पन फोन टाका एक. तुमचे चुलते हायेत.”

फोन माझ्या टेबलावरच होता. मी मामांना ‘डेटा करप्ट होणं’ यावर दहा मिनिटं लेक्चर दिलं — मला स्वतःला ते धड कळत नव्हतं — आणि त्यांच्यासमोरच ती नोंद डिलीट केली. चौथी शिकलेला माणूस यंत्रालाही अंगारे-धुपारे करणार, असं मनात म्हणालो. त्याची आज लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा नदीवर मोटार चालू करायला गेले. पाय ओले होते आणि मोटारीच्या बॉडीत करंट उतरला होता. जागेवरच गेले.

दहाव्यानंतर ती मोटार मामांकडंच आली. मामांनी ती उघडली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी डायरी मागून घेतली, एकेक नोंद तपासली. आप्पांचं नाव कुठंच नाही. दुसरी केबल, दुसरा कंप्युटर, परत सगळं उतरवलं... दोनशे बारा. मामांनी मुद्दाम टाकली म्हणावं, तर आप्पांनी जायच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा तीच मोटार चालवली होती, हात लावून. तेव्हा काही बिघाड नव्हता.

आता खाली इथले हुशार लोक मेमरी, व्हायरस, योगायोग असं लिहितील. लिहा. ते सगळं मी तुमच्याआधी मामांना ऐकवून बसलोय. नोंद कुठून आली, हे मला आजही सांगता येत नाही.

काकूंना मी यातलं काही सांगितलेलं नाही. मागच्या महिन्यात इनामगावला गेलो होतो. चहा देता देता त्या म्हणाल्या, “कुनाचं म्हून आयकायचे न्हाईत ते. पन तू फोनवर काय सांगितलं, का मंग झालंच. लगीच आयकायचे बग तुझं.”