दादाची शेगडी, वहिनीचा ओव्हन

माझ्या दादाच्या हाताला चव आहे, असं सगळे नातेवाईक म्हणतात. कपाळ त्यांचं! मी त्याची सख्खी बहीण. त्याला अंडं उकडायला सांगितलं तर पाणी घालायचं विसरेल. पण सुट्टीच्या दिवशी मागच्या अंगणात बार्बेक्यू लावला, कमरेला तो काळा एप्रन बांधला आणि हातात लांब चिमटा आला, की हा जगाचा आचारी. वर सल्ले! "प्लॅनिंग नीट असलं की टेन्शन कशाचं? मला बघा, घरभर पाहुणे आले तरी मी आरामात." तू आरामातच असणार रे बाबा. तुझं टेन्शन आत ओट्यापाशी घामाघूम उभं असतं ना!

ते आतलं माणूस म्हणजे माझी वहिनी. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. दिवसभर मान खाली. बोलायला मात्र फटकळ. गिऱ्हाईक "जरा लवकर करा" म्हणालं, की ही म्हणणार, "डोळे तुमचेच आहेत ना? मग थांबा." मालकसुद्धा टरकून असतो तिला. अशी बाई नवऱ्याच्या शेगडीपुढे मूग गिळून का बसते, म्हणून मी एकदा भांडलेच तिच्याशी. तर म्हणाली, "जाऊ दे गं. लोकांसमोर ह्यांचं हसं झालं तर आठवडाभर तोंड फुगवून बसतील. त्यापेक्षा ओव्हन परवडला."

ओव्हनची भानगड सांगते. दादा कोळसे पेटवतो ते पाहुणे आल्यावर. निखारे व्हायला धीर धरावा लागतो, आणि तो तर ह्याच्याकडे औषधालाही नाही. ज्वाळा उसळत असतानाच चिकन वर टाकतो. बाहेरून कोळसा, आतून कच्चं. मग ट्रे भरतो, घराच्या कडेच्या बोळातून स्वयंपाकघराच्या दाराशी येतो आणि म्हणतो, "जरा गरम ठेव गं." गरम ठेव म्हणे! वहिनी जळलेल्या कडा सुरीने खरवडते, आदल्या दिवशी तिनेच वाटलेला लसूण-लिंबाचा मसाला पुन्हा चोळते, ओव्हनमध्ये शिजवते आणि ट्रे त्याच बोळातून परत. बाहेर वाहवा. "काय मऊ झालंय हो!" "काही नाही, आच कळली पाहिजे," इति दादा. लग्नापासून हेच चाललंय. दर वेळी वहिनीच्या मनगटावर एखादा नवा चटका असतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

या वेळचा बार्बेक्यू साधासुधा नव्हता. भाचीचं, दादाच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. होणारा जावई आणि त्याची आई पहिल्यांदाच घरी येणार होते. त्याचे वडील कामासाठी बाहेरगावी होते. वहिनीला एकाच गोष्टीचा घोर लागला होता. मला म्हणाली, "पोरीने माझ्यासारखं दाराआड राहून जन्म काढायला नको. बाकी मला काही म्हणजे काही नको." म्हणून तिने भाचीला बजावलं होतं, आज स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, बाहेर बसायचं, गप्पा मारायच्या.

आणि दादाने काय करावं? जावयालाच दुसरा एप्रन बांधला! "या, शिकून घ्या. हे आपलं पुरुषांचं काम. हिला मी शेगडीजवळ फिरकूसुद्धा देत नाही. हिला आचेतलं ओ की ठो कळत नाही." समोर खुर्चीत होणारी विहीण बसलेली, आणि ह्याची टकळी चालू. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. मी कांदा चिरत होते. हातात सुरी असून मी बाहेर गेले नाही, हे दादाचं नशीब. वहिनीने ओव्हनचं बटण फिरवलं.

थोड्या वेळाने बोळाच्या दारात भाची उभी. हातात ट्रे, ट्रेमध्ये जावयाने भाजलेले काळेकुट्ट तुकडे.

"आई, हा म्हणतोय जरा गरम ठेव. आतून कच्चे आहेत गं. पटकन कर ना काहीतरी. त्याच्या आईसमोर त्याची फजिती नको."

वहिनीचा चेहरा बघून मीच दोन पावलं मागे सरले.

"तुला कुणी शिकवलं हे?"

"शिकवायचं काय त्यात? तू करतेसच की."

वहिनीने ओव्हन बंद केला. पोरीच्या हातातला ट्रे ओढून घेतला आणि बोळातून न जाता घरातून सरळ अंगणात, सगळ्यांच्या मधून चालत गेली. पाहुण्यांच्या टेबलावर ट्रे आदळला. एक तुकडा उचलून दोन्ही हातांनी मोडला. आत लालभडक.

"बघा नीट. हे दोघं असं भाजतात. इतकी वर्षं ह्यांचं मी आत नेऊन शिजवलं आणि शाबासकी ह्यांनी खाल्ली. मला राग येत नव्हता असं नाही. येत होता, गिळत होते. पण आज माझी पोरगी तोच ट्रे घेऊन दारात आली. आता नाही गिळणार."

"अगं, पाहुण्यांसमोर काय हे!" दादाचे कान लाल झाले होते.

"पाहुण्यांसमोरच!"

भाची रडकुंडीला आली. लग्न मोडलं असंच तिला वाटलं असणार, खरं सांगायचं तर मलाही वाटलं. जावई चिमटा धरून तसाच उभा. सगळ्यांची नजर विहीणबाईंकडे.

विहीणबाईंनी तो मोडलेला तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मुलाकडे वळल्या.

"तुझ्या बाबांचं चिकनही मीच आत नेऊन कढईत झाकण ठेवून शिजवते. तुला काय वाटलं, ते भाजतात?"

जावयाने चिमटा टेबलावर ठेवला आणि एप्रनची गाठ सोडायला घेतली.