कॅसेटमधून काढलेलं वाक्य

पेणला गणपतीच्या कारखान्यात हिरामण मूर्तींचे डोळे आखतो. गेल्या वर्षी कर्करोगामुळे त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून तो पाटीवर लिहून बोलतो. परवा त्याची लेक भाविका रोह्याला माझ्या घरी आली.

"आजोबा, बाबांची कॅसेट तुमच्याकडं हाय ना? फोनातलं सगळं फोनाबरोबर खाडीत गेलं. मला एकदा त्यांचा आवाज ऐकायचाय."

कॅसेट होती, माझ्या नाटकाच्या रंगपेटीत. वीस-बावीस वर्षांपूर्वी हिरामण आणि रोह्याचे तीन मित्र डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत्या आवाजातलं दणदणाटी रॉक, वाजवायचे. एका मांडववाल्याच्या गोदामात त्यांनी 'गाळ' नावाचा अल्बम केला. कुणी विचारलं नाही. पण काय आवाज होता! पोटातून गुरगुरायचं कसं, ते मीच शिकवलं होतं. मी पस्तीस वर्षं पौराणिक नाटकांत राक्षस केले. तालमीला त्याची आई धोंडुबाई दारात यायची.

"मास्तर, पोरगा गातोय का ओकतोय?"

"ओकला तर मी पुसतो गो, आधी गाऊ तर दे!"

टेपरेकॉर्डर घेऊन भाविकाबरोबर पेणला गेलो. हिरामणनं ब्रश खाली ठेवला. मी कॅसेट लावली. ड्रम कोसळले, मग तो आवाज आला. माझ्या तोंडून 'वन्समोअर' निघणार होतं. भाविका मात्र टेपला कान लावून कशाची तरी वाट बघत होती. एक बाजू संपली. दुसरीही संपली.

"यात बाबा कुठायत?"

"अगं, हा सगळा तोच."

"हा राक्षस हाय, आजोबा. बाबा कधी बोलतात?"

हिरामणनं पाटीवर लिहिलं, 'सुरुवातीला होतं. मास्तर म्हणाले, काढ.'

खरं होतं. पहिल्या गाण्याआधी तो साध्या आवाजात एक वाक्य बोलला होता. मी बजावलं होतं, मुखवटा चढला की माणसाच्या आवाजात बोलायचं नाही. नाटकातला नियम. पोरानं माझा मान राखला.

"काय बोलले होते?"

वाक्य मला पाठ होतं. तिच्यासाठी हिरामणच्या आवाजात म्हणून बघितलं.

"आई गो, दार लावून घे. आता आवाज होणार हाय."

जन्मभर दुसऱ्यांचे आवाज काढले. निघाला तो माझाच, म्हातारा आणि नाटकी.

हिरामणनं पाटी पुसली.

"ऱ्हाऊ द्या, आजोबा," म्हणत भाविकानं अजून खरखरणारा टेप बंद केला.