थालीपीठ डावीकडे

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्याला मी काय काय सांगते, ते ऐकून तो बिचारा कान झाकून झोपतो. पण हे नाही. हे सांगायला तोंड उघडलं की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागते — भाजी महाग झाली, एसीतून पाणी गळतंय. आताही बघा, एसीवर आलेच मी.

तर. मी कुवेतमध्ये एका खाजगी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. अभ्यासक्रम अमेरिकन, पोरं जगभरची. आणि या कॉलेजची एक फुटबॉल टीम आहे. पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे हं, अमेरिकन फुटबॉल. त्यातलाही धक्काबुक्की नसलेला प्रकार: कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लटकवायच्या, समोरच्यानं फीत ओढली की खेळ थांबला. एका बाजूला पाच जण. त्यातला एक क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात येतो आणि कुणाकडे फेकायचा ते त्यानं डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवायचं. बाकीचे ठरलेल्या वाटांनी पळतात.

सांगलीच्या बाईचा यात काय संबंध? लग्नानंतर दोन वर्षं नवऱ्याच्या प्रोजेक्टपायी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या गावात काढली. करायला काही नव्हतं. दर शनिवारी अख्खं गाव हा खेळ बघायचं, मीही बघायला लागले आणि वेड लागलं. इथे आमचे कोच फादी, लेबननचे, यांना ते कळलं. ते पोरांना पळवतात, घाम काढतात. कुणी कुठून पळायचं, चेंडू कुठे जायचा, ही आखणी त्यांनी माझ्यावर सोपवली. गणितवाली आहे, करेल. केली की! अशी केली की पोरांच्या डोक्यावरूनच गेली.

इथे कुवेतमध्ये एक पंचाईत असते. मैदानात बाहेरून ओरडून सांगायचं तर कुठल्या भाषेत? इंग्रजी सगळ्यांना येतं, अरबी अर्ध्यांना. हिंदी तर इजिप्तच्या पोरालाही कळतं, सिनेमे बघून. मल्याळम बोलावं तर समोरच्या टीममध्ये चार मल्याळी. मग मी शक्कल लढवली — मराठी! आणि खुणेचे शब्द कुठले? खायचे पदार्थ. थालीपीठ म्हटलं की उंच हमदनं उजव्या कोपऱ्यात पळायचं. कोथिंबीरवडी म्हटलं की दोघांनी मधे एकमेकांना छेद द्यायचा. मी हात घड्याळावर ठेवला तर सगळं उलट. ओढणी खांद्यावर घेतली तर आधी हूल, मग खरं. मला इतकं गोड वाटायचं ते सगळं! माझंच स्वयंपाकघर, माझंच गणित.

पहिल्या क्वार्टरबॅकनं अभ्यासाचं कारण काढून पळ काढला. दुसरा केरळचा जॉबी, त्यानं तोंडावर सांगितलं की मॅम, हा खेळ नाही, ही एन्ट्रन्स एक्झाम आहे. त्याला तर कोथिंबीर हा शब्दच म्हणता यायचा नाही. मी चिडले. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मराठीतच म्हटलं, त्याला कळू नये म्हणून.

आणि मग मिळाला ओजस. माझ्या मैत्रिणीचा, वैशालीचा मुलगा. राहायला फहाहीलला, वडील तेल कंपनीत. जन्म इथलाच. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर, पण थालीपीठ आणि धिरडं यातला फरक कळणारा! पोरगा शांत. चेंडू असा फेकायचा की समोरच्याच्या ओंजळीत अलगद. मैदानात मला मॅम म्हणायचा आणि घरी आला की मावशी. दोन्हींत कधी गल्लत केली नाही त्यानं.

त्यालाही जड जायचं. मला दिसत होतं — हो, दिसत होतं. सरावाला माझा शब्द ऐकला की त्याचे ओठ हलायचे, मनात उजळणी करायचा बिचारा. तेवढ्यात समोरचा येऊन फीत ओढून जायचा. कोच फादी दोनदा म्हणाले, जरा सोपं कर. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, सोपं करायचं तर मग मी कशाला?

आता त्या सामन्याचं. शेवटचा सामना, वर्षाचा. आदल्या संध्याकाळी सराव होता आणि ओजस नव्हता. त्याचे आजोबा पहिल्यांदाच कुवेतला येत होते, चिपळूणहून. त्यांना आणायला तो एअरपोर्टवर गेला. परवानगी मीच दिली होती. जा रे, आजोबा रोज येतात का, म्हटलं. आणि त्याच सरावात माझ्या डोक्यात किडा वळवळला. समोरच्यांनी आमचे दोन सामने पाहिलेत, हमद उजवीकडे पळतो हे त्यांना पाठ झालंय. मग मी थालीपीठ बदललं. उद्या थालीपीठ डावीकडे. सगळ्यांना समजावलं, दोनदा पळवून घेतलं. ओजसचं काय, असं हमदनं विचारलं. मी म्हटलं, तो माझ्याच गाडीतून येणार आहे, मी सांगते.

मी सांगते.

सकाळी फहाहीलहून दोघांना घेतलं. आजोबांनाही सामना बघायचा होता. पांढरा शुभ्र शर्ट, वर जाकीट, मांडीवर माझ्यासाठी फणसपोळीचा डबा. आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर, त्यामुळे मागे बसूनही त्यांचं सगळं लक्ष माझ्या गिअरवर. सलवा भागातल्या मैदानापर्यंत त्यांचे प्रश्न काही संपेनात. चेंडू हातात धरून पळायचं नि नाव फुटबॉल? मग पायांनी काय करायचं? मी हसत होते, उत्तरं देत होते, मधेच ओजसला दटावत होते. कोथिंबीरवडीला घाई करू नकोस, ओढणीकडे लक्ष ठेव, घड्याळ विसरू नकोस. अख्खा रस्ता मी बोलले. बडबड, बडबड, बडबड! आणि जे एक सांगायचं ते राहिलं.

सामना शेवटापर्यंत अटीतटीचा. एकच डाव उरलेला, तो साधला तर जिंकलो. हमदवर लक्ष ठेवणारा नेमका उजवीकडे सरकला होता आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, थालीपीठ!

ओजसनं बघितलंसुद्धा नाही. विश्वासानं फेकला, जसा शिकवला होता तसा — उजव्या कोपऱ्यात. तिथे आमचं कुणी नव्हतं. त्यांच्या पोरानं तो चेंडू आरामात झेलला. आणि डावीकडे हमद दोन्ही हात वर करून उभा, एकटा, मोकळा.

मला त्याच क्षणी कळलं. नंतर नाही, विचार करून नाही. चेंडू हवेत असतानाच. हमदचे हात दिसले तेव्हाच. मग मी काय केलं? हातातली पाण्याची बाटली जमिनीवर आपटली आणि ओरडले, अरे, काय केलंस हे! मराठीत. पण तो सूर कुणाला कळायला मराठी लागत नाही. सगळे ओजसकडे बघायला लागले. कठड्याला धरून उभे असलेले आजोबासुद्धा.

तेव्हाच सांगता आलं असतं. एक वाक्य होतं हो! माझं चुकलं, मी त्याला सांगायला विसरले. पंधरा-वीस पोरं, एक कोच, एक म्हातारा माणूस. कोण मला फासावर देणार होतं? पण बाटली आपटून झाली होती. आणि एकदा बाटली आपटली की मग माणूस त्या बाटलीचीच बाजू घेतो.

परत निघालो. वाटेत ओजस पाणी आणायला एका बकाल्यात शिरला. आमच्या नाक्यावरचं किराणा दुकान असतं तसं. तेवढ्यात मागून आजोबांनी अगदी हळू विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. आमचा पोर बुद्धीनं कमी आहे काय हो?"

काय विचारत होते ते? किती दिवसांचं मनात साठलेलं असेल? नातू मराठीत धड बोलत नाही, हे त्यांनी एका रात्रीत पाहिलं होतं. आता हे. मी आरशात बघितलं. त्यांनी जाकिटाची सगळी बटणं लावली होती, एवढ्या उन्हात.

आणि मी म्हटलं, "कमी नाही हो. जरा गोंधळतो, इतकंच."

हे आहे ते. सामना हरलो ते सोडा, तो खेळ आहे. सांगायला विसरले, तेही माणूस विसरतो. पण त्या म्हाताऱ्या माणसाला मी हे उत्तर दिलं. इतक्या सहज दिलं, की स्वतःचीच शिसारी यावी. त्यांनी मान हलवली. मास्तरांनी निकाल सांगितल्यावर हलवतात तशी. ओजस पाण्याच्या बाटल्या घेऊन आला, पहिली मला दिली.

रविवारी कोच फादींनी बैठक घेतली. त्यांनी सरळच विचारलं, वर्षभरात हा तिसरा क्वार्टरबॅक अडखळतोय, आपली आखणी पोरांना झेपण्यापलीकडची आहे का? अहो, हाच तर प्रश्न होता! यालाच तर उत्तर हवं होतं! पण मी आकडे काढले, तक्ते दाखवले. म्हटलं, आखणी उत्तम आहे, मुलं तयारी करत नाहीत. ओजस समोर बसला होता. तो म्हणाला, मी गोंधळलो मॅम, सॉरी. संपलं. त्याच्या जागी हैदराबादचा समीर आला आणि त्याला शब्द शिकवायचं काम ओजसकडेच दिलं. ही कल्पना कुणाची? माझीच. मला वाटलं, त्याला बरं वाटेल. कप्पाळ माझं!

एक दिवस सरावाला लवकर पोचले तर दोघं कठड्याशी बसले होते, पाठ माझ्याकडे. ओजस इंग्रजीत त्याला समजावत होता, हे उजवीकडे, हे मधे. आणि मग म्हणाला, प्रत्येक मॅचच्या आधी मॅमना विचारायचं, आज काय बदललंय. मी त्या दिवशी विचारलं नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याला माहीत होतं. बैठकीत सॉरी म्हणाला तेव्हाही माहीत होतं. हमदनं सामन्यानंतर त्याच संध्याकाळी सांगितलं असणार, न सांगायला काय झालं? हमदला माहीत, सगळ्या टीमला माहीत. मी छातीशी धरून बसले होते ते गुपित मैदानावर केव्हाच उघडं पडलेलं होतं. ती पोरं मला काही बोलली नाहीत. मीच बोलेन म्हणून थांबली असतील? की मोठी माणसं अशीच असतात, असं धरून चालली? मी पाऊल न वाजवता मागे फिरले, गाडीत बसले आणि सरावाच्या वेळेला, आत्ताच आले असं दाखवत गेले.

पुढच्या हंगामात समीरही अडखळला. मग कोच फादींनी मला न विचारता सगळं कापलं. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे डाव ठेवले, तेही इंग्रजीत, समोरच्यांना कळले तर कळू देत म्हणाले. आम्ही जिंकायला लागलो. समीरचं कौतुक होतं. तोवर ओजसनं टीम सोडली होती.

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला वैशाली भेटली. माझे हात हातात घेऊन म्हणाली, बरं झालं गं तू आजोबांना वेळेवर सांगितलंस, त्याला नाहीच झेपत असलं काही, आम्ही उगाच मागे लागलो होतो. आता कॉलेजात कॉम्प्युटर सोडून काहीतरी साधं घे, असंही सांगितलंय त्याला. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. हो म्हटलं. वाण घेतलं आणि घरी आले.

आजोबा चिपळूणला परत गेले. जाताना वैशालीकडे माझ्यासाठी निरोप ठेवला, पोराकडे लक्ष असू द्या. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.

गेल्या शुक्रवारी वैशाली सगळ्यांना घेऊन जेवायला आली होती. मी थालीपीठं लावली होती, मुद्दाम की सवयीनं, मला माहीत नाही. ओजसनं दोन खाल्ली, ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि निघताना दारात वळून म्हणाला, "थँक यू, मॅम."