शेवटची गाडी भाऊजींची

माझे भाऊजी कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि भाऊजी घरामागच्या खोलीत बसून दात घडवतात. खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ, वितळलेल्या मेणाचा वास आणि खिडकीत ओळीने ठेवलेले जबडे. ताईच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्याकडे राहायला गेलो, तेव्हा मी शाळेत होतो; रात्री पाणी प्यायला उठलो आणि त्या खोलीत डोकावलो. बिनचेहऱ्याचे इतके लोक एकदम हसताना पाहून मी जो पळालो, तो थेट ताईच्या पांघरुणात. भाऊजी ती गोष्ट अजून पाहुण्यांना सांगतात. मी फ्रिज दुरुस्त करतो, मला दोन मुलं आहेत, केस पिकायला लागलेत, पण भाऊजींच्या लेखी मी अजून पांघरुणातच आहे.

या माणसाला दोन शौक. रविवारी मित्रांबरोबर मोटरसायकलवर लांब कुठेतरी जाणं, आणि शनिवारी संध्याकाळी घरी टीव्हीवर सिनेमा लावणं. दोन्हीकडे मी असतोच. ताई म्हणते, हुंड्यात हा मेहुणा मिळाला, परत करायची सोय नाही.

रविवारच्या फेरीत आम्ही चौघं. सगळ्यांत पुढे मास्तर. हे गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे आपल्यापुढे कुणी गेलं तर त्यांचा अपमान होतो. त्यांच्यामागे वकीलबाई, लाल जाकीट आणि रणगाड्यासारखी अवजड गाडी. मग मी. आणि शेवटी पिवळं हेल्मेट घातलेले भाऊजी. वर्षानुवर्षं शेवटीच. त्यामुळे आमच्यात त्यांचं नाव शेपूट पडलं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. आमचा नियम साधा आहे. वळण आलं की पुढच्याने थांबायचं, मागचा दिसला की मगच निघायचं. कुणाची गाडी बंद पडली, कुणाचं सामान पडलं, की शेपूट मागून येऊन थांबणार. "पुढे जायला काय, कुणीही जाईल," भाऊजी म्हणायचे. "मागे राहायला माणूस लागतो."

सिनेमाच्या बाबतीत मात्र ते हुकूमशहा. सिनेमा जगातल्या कुठल्याही भाषेतला असो, आवाज मूळचाच हवा, आणि खाली येणाऱ्या ओळी वाचायच्या. नुसत्या वाचायच्या नाहीत, मोठ्याने वाचायच्या. आम्हाला काय अक्षरओळख नव्हती? पण नाही. नायिका रडायला लागली की भाऊजी भाजीचा भाव विचारावा त्या आवाजात वाचणार, "तू मला सोडून जाऊ नकोस." ताई उशी फेकून मारायची. ती एकदा म्हणाली की, आपल्या भाषेतला आवाज लावा ना सरळ. भाऊजींनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "दुसऱ्याचा आवाज म्हणजे दुसऱ्याची कवळी. तोंड हलतं एकीकडे आणि दात भलतीकडे."

आणि मग एका शनिवारी त्यांनीच आपल्या भाषेतला आवाज लावायला सांगितलं. वाचून वाचून डोकं चढतं म्हणाले. आम्हाला आनंदच झाला. ताईने तर नवस न करताच देव पावल्यासारखं तोंड केलं. त्याच सुमारास भाऊजींची चाळिशी सुटली. सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवून दाखवला त्यांनी. "वय उलटं चाललंय माझं," ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. मला कौतुक करताना जरासा हेवाही वाटला, कारण मला चाळिशी नुकतीच लागली होती.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही घाटाने निघालो. ढग रस्त्यावर उतरले होते. पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा तिथे मोटरसायकलवाल्यांचा दुसरा एक मोठा घोळका होता. भाऊजींच्या जाकिटाच्या खिशाची चेन तुटली होती, म्हणून त्यांनी मोबाइल माझ्या बॅगेत टाकला आणि टायरमध्ये हवा भरायला गेले. मास्तरांनी शिट्टी मारली, आम्ही निघालो. हवा भरून ते येतीलच, नेहमीसारखे.

डावीकडच्या वळणावर मी थांबलो. शेपटाची वाट पाहायची. धुक्यातून ट्रक आला, दूधवाल्याची गाडी आली, एक ॲम्ब्युलन्स वर गेली. पिवळं हेल्मेट काही येईना. मी फोन लावला तर माझीच बॅग वाजायला लागली. कपाळावर हात मारला आणि गाडी वळवली.

पंपावर भाऊजी नव्हते. हवावाला म्हणाला, "पिवळं हेल्मेट ना? ते केव्हाच गेले." केव्हाच गेले म्हणजे कुठे गेले? पंप आणि माझं वळण यांच्यामध्ये एकच रस्ता, मध्ये तळ्याकडचा एक फाटा, जिकडे आम्हाला जायचंच नव्हतं, आणि एका बाजूला दरी. मी पायी निघालो. कठड्याला धरून खाली वाकून पाहत होतो. एका ठिकाणी कठडा तुटलेला होता. तो जुना तुटलेला होता, त्यावर गवत उगवलं होतं, हे मला दिसत होतं, तरी मी तिथेच थांबलो. खाली नुसता पांढरा ढग. मी हाका मारल्या. "भाऊजी! ओ भाऊजी!" त्या ढगाला हाका मारताना मला एकच दिसत होतं, ताईचा दरवाजा आणि त्या दरवाजात मी एकटा.

मास्तर आणि वकीलबाई परत आले. मास्तर कठड्यावरून वाकून दरीत शिट्ट्या मारू लागले. वकीलबाई पोलिसांना फोन लावतच होत्या, तेवढ्यात माझा वाजला. ताई. मी तो घेतला कसा, मला सांगता येणार नाही.

"काय रे," ताई कडाडली, "माणसाला असं सोडून जातात होय? ह्यांचा फोन आला होता. कुणाच्या तरी मोबाइलवरून. तळ्याजवळच्या हॉटेलात बसलेत. म्हणे, पाठ असलेला नंबर एकच, माझा!"

मी रस्त्यातच खाली बसलो. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते काय, हे मला त्या डांबरावर कळलं. ताई शिव्या देत होती आणि मी नुसता "हो, हो" म्हणून हसत होतो. ती म्हणाली, "हसतोयस काय गाढवा?" आणि मला आणखीच हसू आलं.

हॉटेलात भाऊजी त्या दुसऱ्या घोळक्यात बसून चहा पीत होते. झालं होतं असं की, पंपावरून एक लाल जाकीट निघालं आणि भाऊजी त्याच्यामागे लागले. फाट्यावर ते लोक उजवीकडे वळले, भाऊजीही वळले. सगळ्यांत मागे राहून, डोळ्यांत तेल घालून त्यांनी तो परका घोळका तळ्यापर्यंत सुखरूप आणला. वाटेत एकाची पडलेली पिशवीसुद्धा उचलून दिली. त्या लोकांपैकी प्रत्येकाला वाटलं, हा दुसऱ्या कुणाचा तरी भाऊजी असणार. हेल्मेटं उतरली तेव्हा घोटाळा कळला.

"इतका चांगला मागचा माणूस आम्हाला कधी मिळाला नव्हता," त्यांचा म्होरक्या मला म्हणाला. "आम्हाला द्या यांना."

सगळे हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. त्या बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहत होत्या. लाल जाकीटवाल्या पोरीची गाडी एवढीशी, सायकलची थोरली बहीण वाटावी अशी. वकीलबाईंचा रणगाडा आणि ती गाडी यांची गल्लत कुणी झोपेतही केली नसती. बाई समोर येऊन बसल्या आणि कोर्टात विचारतात तसं शांतपणे म्हणाल्या, "रस्त्यापलीकडच्या पाटीवर काय लिहिलंय, वाचा बरं."

भाऊजींनी खिडकीकडे पाहिलं. मग कपाकडे. "धुकं आहे ना."

धुकं मघाशीच उतरलं होतं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

मला एकदम सगळं आठवलं. वाचून वाचून डोकं चढतं. दुसऱ्याची कवळी. गेले कित्येक शनिवार टीव्हीसमोर गप्प बसलेले भाऊजी, आणि सुटका झाली म्हणून खूश असलेले आम्ही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जवळचं झक्क दिसतं रे," ते म्हणाले. "दात तर पहिल्यापेक्षा चांगले जमतात. लांबचं तेवढं... दूध सांडल्यासारखं." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "आमच्या अण्णांचं असंच झालं होतं. आधी थोडंथोडं गेलं, मग सगळंच. शेवटी खुर्चीत बसून नुसता रेडिओ ऐकायचे. तुम्हाला सांगितलं असतं तर गाडीची किल्ली काढून घेतली असती तुम्ही. आणि हिला काय सांगू?"

ताईचे सासरे आंधळे होऊन वारले हे मला माहीत होतं. त्या खुर्चीत भाऊजी स्वतःला बसलेले पाहत होते, याबाबत मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. मला राग आला, रडूही आलं. मी किल्ली काढून घेतलीच. गाडी हॉटेलवाल्याच्या अंगणात ठेवली आणि भाऊजींना वकीलबाईंच्या मागे बसवलं. त्या दिवशी शेवटची गाडी माझी होती. पुढे ते पिवळं हेल्मेट पाहत सगळा घाट उतरलो, त्यावरून नजर काढायची हिंमत झाली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे भाऊजी फाशीला नेल्यासारखे आले. ताईने त्यांचा दंड धरला होता, पळून जातील अशा बेताने. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, दिवा मारला, डोळ्यांचा दाब मोजला, वडिलांचं सगळं विचारलं, आणि पुन्हा दिवा मारला. भाऊजी म्हणाले, "सांगून टाका काय ते."

"मोतीबिंदू आहे," बाई म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. काढून टाकू."

"आणि अण्णांचं?"

"त्यांना काचबिंदू असणार, तुमच्या सांगण्यावरून. तुम्हाला तो नाही. नस ठणठणीत आहे. दर वर्षी तपासून घ्या म्हणजे झालं." मग म्हणाल्या, चाळिशी सुटली तेव्हाच यायला हवं होतं. काही मोतीबिंदूंत म्हणे जवळचं असं सुधारतं, आणि माणूस फसतो.

भाऊजींनी तोंडावर हात ठेवला. ते हसतायत की रडतायत ते कळेना. ताईला मात्र कळलं असावं. तिने धरलेला दंड सोडला आणि त्यावर एक जोरात चापट मारली. "आंधळे होणार होते म्हणे," ती म्हणाली, "आणि मला पत्ता नाही!"

एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा झाला. गाडीला अजून परवानगी नव्हती, पण सिनेमाला मिळाली. त्या शनिवारी मास्तर आणि वकीलबाईही आले होते. काळा चष्मा काढून भाऊजी सोफ्यावर नेहमीच्या जागी बसले. ताईने सवयीने आपल्या भाषेतला आवाज लावला.

"मूळचा लाव," भाऊजी म्हणाले.

पडद्यावर एक म्हातारा स्टेशनवर कुणाची तरी वाट पाहत होता. खाली ओळ आली. भाऊजी जरा पुढे वाकले, मग मागे टेकले, आणि त्याच भाजीचा भाव विचारायच्या आवाजात वाचू लागले. "गाडी उशिरा येणार आहे." मग, "मी थांबतो." कंसातलंही सोडलं नाही त्यांनी. "दूर कुत्रा भुंकतो." "दार करकरतं." मास्तरांनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. सिनेमा मोठा होता.

मी ताईकडे पाहिलं. उशी तिच्या मांडीवर होती, हात उशीवर होता. डोळे मात्र पडद्याकडे नव्हते. भाऊजी मध्येच थांबले, बहुतेक उशीची वाट पाहत असावेत.

"थांबलात काय," ताई म्हणाली. तिने उशी बाजूला ठेवली. "वाचा की पुढे."